पोत मोडू नका, आईची बैठक बदला

डॉक्टरबाई, नमस्कार.

मी सोलापूरला नीलमनगर भागात राहते. टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते. माझी आई ६२ वर्षांची आहे. लहान असल्यापासून विड्या वळते, अजूनही वळते. गेल्या काही वर्षांपासून तिचे दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. उठायचं तर भिंतीला धरून, आणि जिना चढताना डोळ्यांत पाणी येतं. बीपीची गोळी चालू आहे. वजन ७४ किलो. हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, झीज झाली आहे, गॅप कमी झालाय, ग्रेड तीन.

भावाच्या ओळखीच्या एकाने आईला एका ठिकाणी नेलं. तिथे बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९७ आलं. तरी ते म्हणाले, रक्तात ऑक्सिजन आहे पण गुडघ्यात पोहोचत नाही, म्हणून कूर्चा मरतेय. रोज तासभर ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये बसायचं आणि गुडघ्यात ओझोनची इंजेक्शनं घ्यायची, की कूर्चा परत भरून येते म्हणे. खर्चाचा आकडा ऐकून आईने गळ्यातली पोत मोडायला काढली आहे.

माझी मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने वाचलं की ऑक्सिजन कमी पडला की पेशीत हिफ नावाचं प्रथिन वाढतं आणि तेच कूर्चा खातं, म्हणून आजीला ऑक्सिजन द्यायलाच हवा. दुसऱ्या दिवशी तिलाच वाचायला मिळालं की हिफ कूर्चेला वाचवतं. आता घरात कुणालाच काही कळेना. शेजारच्या बायका म्हणतात, गुडघे जितके वापराल तितके झिजतील. म्हणून आई घराबाहेर पडायचीच बंद झाली आहे. काय करू?

एक मुलगी, सोलापूर

*

ताई, आधी सरळ उत्तर देते. त्या कोर्सचे पैसे भरू नका, पोत आईच्या गळ्यातच राहू द्या. चेंबरमध्ये बसून किंवा ओझोन टोचून घेऊन झिजलेली कूर्चा भरून येते, असं सिद्ध झालेलं नाही. आणि शेजारणींचा सल्ला त्या कोर्सइतकाच आईला महागात पडेल, त्याबद्दल पुढे लिहिते. पण तुमच्या मुलीने जे दोन्ही वाचलं ते खरं आहे. तिचा प्रश्न चांगला आहे, म्हणून त्याला पुरतं उत्तर द्यायला हवं.

तुम्हाला जे सांगितलं गेलं, त्यातली एक गोष्ट खरी आहे. गुडघ्याच्या कूर्चेत ऑक्सिजन कमी असतो. पण तो सगळ्यांच्याच गुडघ्यात कमी असतो. कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरचा तो पांढरा, गुळगुळीत थर. त्यात रक्तवाहिनी नसते आणि नस, म्हणजे संवेदना नेणारा मज्जातंतूही नसतो. तिला जो काही ऑक्सिजन मिळतो तो मुख्यतः सांध्यातल्या द्रवातून झिरपून मिळतो. आपण श्वासात घेतो त्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. कूर्चेच्या वरच्या थरात तो साधारण ५ ते ७ टक्क्यांवर येतो आणि खोल थरात १ टक्क्याच्या आसपास. तुमच्या गुडघ्यात तेवढाच, तुमच्या मुलीच्या गुडघ्यातही तेवढाच, आणि पार्क मैदानावर पहाटे धावायला येणाऱ्या पोरांच्या गुडघ्यातही तेवढाच. बोटावर ९७ आणि कूर्चेत फार कमी, हे निरोगी माणसाचंच मोजमाप आहे. ते आईला आजार म्हणून दाखवलं गेलं, याचा मला राग येतो.

कूर्चेतल्या पेशीला या टंचाईची सवय जन्मापासूनच असते. आपल्या सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून आपली घरं टाकी, पिंप, हंडे धरूनच मांडलेली असतात आणि संसार त्यातच नीट चालतो. या पेशीचंही तसंच आहे. साखरेपासून शक्ती मिळवायला ती ऑक्सिजनवर फारशी विसंबत नाही, बहुतेक काम त्याच्याशिवायच भागवते. कूर्चेच्या एकूण आकारमानात पेशींचा वाटा जेमतेम २ टक्के असतो. बाकी सगळं पाणी, कोलॅजनचे तंतू आणि पाणी धरून ठेवणारी मोठाली प्रथिनं. एवढ्या थोड्या पेशी आयुष्यभर एवढ्या पसाऱ्याची डागडुजी करत असतात आणि त्यांची संख्याही सहजासहजी वाढत नाही.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना या पेशींचा एक अनुभव नेहमी येतो. त्यांना बाहेर काढून प्लॅस्टिकच्या बशीत, आपल्या नेहमीच्या हवेत वाढवलं, तर त्या हळूहळू आपलं कसब विसरतात. कूर्चेचं खास कोलॅजन, म्हणजे टाइप दोन, बनवायचं सोडून त्या टाइप एक बनवू लागतात, जे त्वचेत आणि व्रणात असतं. भरपूर ऑक्सिजन हे त्यातलं एकमेव कारण नाही, सपाट बशीसुद्धा कारणीभूत असते. पण ऑक्सिजन कमी ठेवला की पेशींचा मूळ स्वभाव जास्त टिकतो. म्हणून अनेक संशोधक या पेशी वाढवताना नायट्रोजन सोडून ऑक्सिजन मुद्दाम खाली आणतात. ज्या पेशीसाठी प्रयोगशाळेत ऑक्सिजन कमी करावा लागतो, तिला गुडघ्यात जास्तीचा ऑक्सिजन पोहोचवायचा म्हणून तुमच्याकडे पैसे मागितले जात आहेत.

आता हिफबद्दल. हा भाग तुमच्या मुलीसाठी आहे, तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्या.

हिफ म्हणजे हायपॉक्सिया इंड्युसिबल फॅक्टर. ऑक्सिजन कमी आहे हे पेशीला कळतं कसं, याचा उलगडा करणारे तीन शास्त्रज्ञ, अमेरिकेतले विल्यम केलिन आणि ग्रेग सेमेन्झा व इंग्लंडमधले पीटर रॅटक्लिफ, यांना २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. शरीरातल्या पेशी हिफचा अल्फा भाग सतत बनवत असतात आणि ऑक्सिजन पुरेसा असला की सतत मोडतही असतात. मोडण्याची रीत अशी: पीएचडी नावाची विकरं (एन्झाइम) ऑक्सिजन वापरून अल्फा भागावर एक रासायनिक खूण करतात, ती खूण पाहून व्हीएचएल नावाचं प्रथिन त्याला पकडतं आणि पेशी त्याचा निकाल लावते. ऑक्सिजन कमी पडला की खूण होत नाही आणि हिफ टिकतं. मग ते पेशीच्या केंद्रकात जाऊन शेकडो जनुकं चालू करतं. कमी ऑक्सिजनमध्ये तग धरायची सगळी तयारी त्या जनुकांत असते. रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिन त्यातलंच एक. सेमेन्झांचं संशोधन त्याच्याच जनुकापासून सुरू झालं होतं.

हिफचे प्रकार मात्र एकाहून जास्त आहेत आणि तुमच्या मुलीचा गोंधळ तिथेच झाला. कूर्चेसाठी दोन महत्त्वाचे: हिफ-१ अल्फा आणि हिफ-२ अल्फा.

हिफ-१ हा राखणदार मानला जातो, आणि त्याला पुरावा आहे. २००१ साली उंदरांच्या वाढत्या कूर्चेतून हिफ-१ अल्फाचं जनुक काढून टाकलं, तेव्हा त्या कूर्चेच्या मधोमध, जिथे ऑक्सिजन सगळ्यात कमी, तिथल्याच पेशी मेल्या. म्हणजे कमी ऑक्सिजनमध्ये जगण्यासाठी त्यांना हिफ-१ लागतं. पेशी कूर्चेचीच राहावी यासाठी सॉक्स-९ नावाचं नियंत्रक प्रथिन काम करतं, आणि कमी ऑक्सिजनमध्ये हिफच्या मार्गाने त्याला बळ मिळतं. त्यातून टाइप दोन कोलॅजन आणि पाणी धरून ठेवणारं अ‍ॅग्रिकॅन तयार होत राहतं. २०१६ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांतच दाखवलं की हिफ-१ अल्फा हे बीटा-कॅटेनिन या प्रथिनाला अडवून एमएमपी-१३ हे विकर आटोक्यात ठेवतं. एमएमपी-१३ हे नाव लक्षात ठेवा, कूर्चेचं कोलॅजन कापणाऱ्या विकरांत ते आघाडीवर असतं.

हिफ-२ ची गोष्ट गुंतागुंतीची आहे. २०१० साली जपान आणि दक्षिण कोरियातल्या दोन गटांनी वेगवेगळं काम करून एकसारखाच निष्कर्ष मांडला. झिजणाऱ्या कूर्चेत हिफ-२ अल्फा वाढलेलं आढळलं. उंदरांच्या कूर्चेत ते मुद्दाम वाढवलं की कूर्चा नासू लागली, आणि ज्या उंदरांत त्याच्या जनुकाची एकच प्रत होती त्यांचे गुडघे दुखापतीनंतरही कमी बिघडले. एमएमपी-१३ आणि त्याच्या जोडीची इतर विकरं हिफ-२ चालू करत होतं. ‘हिफ कूर्चा खातं’ हे तुमच्या मुलीने वाचलं ते बहुधा याच कामाबद्दल असणार. पण त्यातच पुढे दिसलं होतं की कूर्चेत हिफ-२ वाढवणारा सगळ्यात जोरकस इशारा ऑक्सिजनच्या टंचाईचा नव्हता. तो होता दाहाचा, एनएफ-कप्पा-बी नावाच्या मार्गाने येणारा. दाह म्हणजे सूज येणं, चिडणं, पेशींनी एकमेकींना धोक्याची रसायनं पाठवणं. त्याच्या आधी, २००७ साली, लंडनच्या संशोधकांनी माणसाच्या निरोगी कूर्चेतल्या पेशींवर काम करून दाखवलं होतं की कमी ऑक्सिजनमध्ये हेच हिफ-२ कूर्चेची बांधणी वाढवतं. म्हणजे शांत सांध्यात ते एक काम करतं आणि भडकलेल्या सांध्यात दुसरं. उंदीर आणि माणूस यांच्यातला फरकही इथे असू शकतो.

तेव्हा मुलीला सांगा, तिने वाचलेली दोन्ही वाक्यं बरोबर होती. त्यातून काढलेला ‘आजीला ऑक्सिजन द्या’ हा अर्थ तेवढा बरोबर नव्हता. आजीच्या गुडघ्याचं दुखणं ऑक्सिजन कमी असण्यात नाही. वर्षानुवर्षांचा भार, वय, पाळी गेल्यानंतरचे बदल, सांध्याच्या अस्तराला येणारी सूज, यांनी पेशींचा जुना समतोल ढळतो. बांधणारे इशारे मागे पडतात आणि तोडणारे पुढे येतात.

एक गोष्ट तर मला फार बोलकी वाटते. निरोगी कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, पण झीज वाढत गेली की खालच्या हाडातून नव्या बारीक रक्तवाहिन्या सीमा ओलांडून कूर्चेत शिरतात. त्यांच्यासोबत बारीक नसाही येतात. म्हणजे आजारी कूर्चेच्या दाराशी रक्त, आणि रक्तासोबत ऑक्सिजन, आपणहून येतो. त्याने ती बरी होत नाही. उलट त्या नसांमुळे, जिथे कधी दुखायचं नाही तिथे दुखायला लागतं.

चेंबरबद्दल दोन शब्द. दाबाखाली ऑक्सिजन देण्याचा उपचार खोटा नाही. खोल पाण्यातून झपाट्याने वर आलेले पाणबुडे, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, मधुमेहातल्या पायाच्या काही न भरणाऱ्या जखमा, यांसाठी तो मान्य आहे. गुडघ्याच्या झिजेसाठी नाही. त्यात कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते, फुप्फुसाचा आजार असेल तर धोका वाढतो, क्वचित आकडीही (फिट) येते. आईची हयात तंबाखूच्या धुळीत गेली आहे, तिची छाती न तपासता तिला कुणी दाबाच्या पेटीत बसवू नये. आणि ओझोन म्हणजे ऑक्सिजन नव्हे. तो तीन अणूंचा, तिखट, फुप्फुसाला घातक वायू आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमांत तो विषारी वायू असून वैद्यकीय उपचारात त्याचा कोणताही ज्ञात उपयोग नाही, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. इंजेक्शननंतर काहींना थोडे दिवस दुखणं कमी वाटतं, हे खरं. पण गुडघ्यात सुई टोचली की नुसत्या मिठाच्या पाण्याच्या (सलाइनच्या) इंजेक्शननेही पुष्कळांना बरं वाटतं, हे अनेक चाचण्यांत दिसलेलं आहे. त्यासाठी पोत मोडायची नसते.

उद्या कुणी ‘हिफची गोळी’ घेऊन आलं तर तेही माहीत असू द्या. हिफ वाढवणारं डेसिड्युस्टॅट हे औषध आपल्याकडे २०२२ पासून मंजूर आहे, पण ते मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात रक्त कमी होतं त्यासाठी. हिफ-२ ला अडवणारं बेल्झुटिफॅन अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झालं, ते काही ठरावीक गाठींसाठी, आणि त्याने रक्त आणि शरीरातला ऑक्सिजन दोन्ही खाली येऊ शकतात. हिफ शरीरभर कामाला असतं, गुडघ्यापुरतं त्याला हात लावायची रीत अजून कुणाच्या हाती नाही.

मग आईसाठी काय करायचं? इथे मला शेजारणींशी भांडायचं आहे. ‘वापराल तितके झिजतील’ या एका वाक्याने आपल्याकडच्या किती बायका घरात बसल्या आणि बसून जास्त अडल्या, हे मी रोज बघते. कूर्चेला रक्त नाही, तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि तो द्रव ढवळला जातो हालचालीने. पाऊल टाकलं की कूर्चा दबते, उचललं की सुटते, आणि या दबण्या-सुटण्यातून द्रव आत-बाहेर होतो. पाय अनेक आठवडे प्लास्टरमध्ये राहिला तर कूर्चा पातळ व्हायला लागते. बेताची हालचाल पेशींना बांधणीचे इशारे देते. गुडघ्याला त्रास होतो तो एकाच अवघड अवस्थेत तासन्‌तास अडकून पडल्याने आणि अचानक पडणाऱ्या मोठ्या भाराने.

आता आईची बैठक. मांडी घालून किंवा एक पाय दुमडून, मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायच्या, म्हणजे गुडघे तासन्‌तास पूर्ण दुमडलेले. त्यातून जमिनीवरून उठायचं. हे बदलल्याशिवाय दुसरं काहीही केलं तरी निम्मंच लागू पडेल. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते, हात थांबला की पैसा थांबतो, हे मला कळतं. म्हणून आईला काम सोडायला सांगत नाही, ती खुर्चीवर बसूनही वळू शकते. टेकू असलेली, हात टेकायला दांडे असलेली साधी खुर्ची घ्या. पाऊल जमिनीला सपाट टेकलं पाहिजे आणि गुडघा कमरेपेक्षा वर जायला नको. खुर्चीवरही मांडी तयार होतेच, सूप तिथे मावतं. पानांची टोपली आणि तंबाखू शेजारी स्टुलावर ठेवा, म्हणजे सारखं वाकावं लागणार नाही. पानं कापायचं काम टेबलावर. पहिले काही दिवस हात अडखळेल, विड्या कमी होतील, आई चिडेल. त्या दिवसांत घरच्यांनी तिच्या पाठीशी राहायचं. आणि अर्ध्या तासाने एकदा उठून खोलीत दोन फेऱ्या. घड्याळ बघणं जमणार नाही, तेव्हा ठरावीक जुड्या झाल्या की उठायचं असं ठरवा.

संडासला उकिडवं बसावं लागत असेल तर भारतीय भांड्यावर ठेवायची खुर्ची मिळते, ती आणा. तिच्यावर खर्च केलेला पैसा त्या चेंबरच्या एका दिवसापेक्षा जास्त कामाला येईल. पूजेला, जेवायलाही खुर्ची. आईला वाटेल देवापुढे खुर्चीवर कसं बसायचं. सांगा, सिद्धरामेश्वराच्या देवळातही वयस्कर माणसं खुर्चीवर बसून हात जोडतात.

व्यायाम तीनच सांगते, जास्त सांगितले की एकही होत नाही. खुर्चीत बसून एक पाय सरळ करायचा, मांडीचा पुढचा स्नायू आवळायचा, मनात पाचपर्यंत मोजायचं, हळू खाली आणायचा. दहा वेळा, मग दुसरा पाय. झोपून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, तुमच्या घरात टॉवेलला काय तोटा, आणि गुडघ्याने ती खाली दाबायची, तेही दहा-दहा. तिसरा, खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि हळू बसायचं. सुरुवातीला हात टेकले तरी चालेल, खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवली तरी चालेल. दिवसातून दोनदा. मांडीचे स्नायू बळकट झाले की प्रत्येक पावलाचा धक्का ते झेलतात, सांध्यावर कमी येतो. करताना थोडं दुखलं तर घाबरायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते दुखणं आधीच्या पातळीवर आलं, तर व्यायामाचं प्रमाण बरोबर आहे. सूज आली किंवा जास्तीचं दुखणं राहिलं तर निम्मं करायचं, बंद नाही करायचं. फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात.

चालणं सपाट जागी. सिद्धेश्वर तलावाच्या काठाने किंवा हुतात्मा बागेत, पहिल्यांदा दहा मिनिटं. आपल्याकडचा उन्हाळा बघता सकाळी ऊन वर यायच्या आत. काठी घ्यायची ती डाव्या हातात, कारण उजवा गुडघा जास्त दुखतो. बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच काठी धरतात आणि तिचा उपयोग कमी होतो.

वजनाबद्दल थोडक्यात. २००५ साली अमेरिकेत, गुडघ्याची झीज असलेल्या जास्त वजनाच्या वयस्कर माणसांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की एक किलो वजन कमी झालं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. चार-पाच किलो उतरले तरी आईला जिन्यावर कळेल. ज्वारीची भाकरी सोडू नका, ताटातली भाजी-डाळ वाढवा. शेंगाचटणीवर तेल ओतून घ्यायची सवय असेल तर तेल कमी करा, आणि चहातली साखर. चरबीच्या पेशीही दाहाची रसायनं सोडतात, तेव्हा वजन उतरणं हे भारापलीकडेही उपयोगी पडतं. वर सांगितलेला हिफ-२ चा इशारा दाहाच्याच वाटेने येतो, हे मुलीच्या लक्षात आलं असेलच.

औषधांत डायक्लोफेनॅकचं जेल आधी वापरून बघा, गुडघा वरच असल्यामुळे ते चांगलं लागू पडतं आणि रक्तात फारसं उतरत नाही. तोंडाने घ्यायच्या दुखण्याच्या गोळ्या मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नका. त्यांनी बीपी वाढतं, आणि बीपीच्या काही गोळ्यांसोबत मूत्रपिंडावर ताण येतो. बीपीच्या डॉक्टरांना दाखवूनच, लागतील तेवढेच दिवस. वातावरच्या बिनलेबलच्या पुड्या अजिबात नकोत, अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. सांध्यातलं स्टेरॉइडचं इंजेक्शन फार सूज असताना काही आठवड्यांचा आराम देतं. पण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दर तीन महिन्यांनी, दोन वर्षं ते दिलं तेव्हा दुखण्यात फरक पडला नाही आणि कूर्चा मात्र जास्त गेली. म्हणून ते अडीनडीला, वरचेवर नाही.

गुडघा लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, गुडघा मध्येच अडकून सरळ होईना, पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सकाळी उठल्यावर तासाहून जास्त वेळ सांधे आखडत असतील, बोटांचे सांधे दोन्ही हातांत सुजत असतील, तर तो वेगळा संधिवात असू शकतो. त्याची रक्ततपासणी आणि औषधं वेगळी आहेत. आई बोटांनी काम करते, तेव्हा तिला हे मुद्दाम विचारा. ती आपणहून सांगणार नाही.

आणि वाटी बदलायची की नाही, हे ग्रेडवरून ठरत नाही. ग्रेड तीन असून रोज चालणाऱ्या बायका आहेत आणि ग्रेड दोन असून हैराण झालेल्याही. तीन-चार महिने हे सगळं मनापासून करूनही रात्रीची झोप मोडत असेल, घरातल्या घरात फिरणं अवघड होत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करा, घाबरून टाळू नका. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली आहे, तेव्हा अंदाजपत्रकात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. सिव्हिल हॉस्पिटलच्या अस्थिरोग विभागात एकदा दाखवा आणि सरकारी योजनेत आईचं नाव बसतं का तेही तिथेच विचारा. जाताना जुना एक्स-रे आणि बीपीच्या गोळ्यांचं पाकीट सोबत न्या. नवीन एक्स-रे सांगितला तर तो आईला उभं करून काढला जाईल असं बघा. झोपून काढलेल्या फोटोत हाडांमधला खरा गॅप कळत नाही.